किबला: फोनवर आणि सावलीवर

मोबाईलमधलं किबल्याचं होकायंत्र मुलांना फार आवडतं. पण एकाच घरात दोन फोन दोन दिशा दाखवतात, मग मुसल्ला कुठे अंथरायचा? फोनमधला सेन्सर पृथ्वीचं चुंबकत्व मोजतो. लोखंडी कपाट, स्पीकर किंवा चुंबकवालं कव्हर जवळ असलं की काटा भरकटतो. कव्हर काढा, मोकळ्यात या, फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवा.

नेटवर सापडलेली दुसरी युक्ती मला जास्त पटली, तिला फोन फक्त घड्याळापुरता लागतो. दरवर्षी 27-28 मेला आपल्या दुपारी 2.48 वाजता आणि 15-16 जुलैला 2.57 वाजता सूर्य बरोबर काबा शरीफच्या माथ्यावर येतो. त्या वेळी अंगणात काठी अगदी सरळ उभी करा. सावलीच्या टोकापासून काठीच्या बुडाकडे रेघ ओढा, पुढे तोच किबला. कर्जत-खालापुरात ती रेघ पश्चिमेपासून साधारण 10 अंश उत्तरेकडे झुकलेली येईल. नुसतं ‘मावळतीकडे तोंड’ म्हणून भागत नाही.

जुलैत आपल्याकडे ऊन कुठलं! मे महिनाच धरा. भिंतीवर खूण करून ठेवली की वर्षभर बघायला नको. आणि मुलांना बजावा, बघायचं ते सावलीकडे, सूर्याकडे नाही.