कुत्र्याची झोप

दुपारची वेळ. आमचा मोती ओसरीवर आडवा पडला आहे. एकाएकी त्याचे पाय हलू लागतात. ओठ थरथरतात. झोपेतच तो हळू भुंकतो. पोरे ओरडतात, "आई, मोतीला काय झालं गं?"

काही झाले नाही. मोतीला स्वप्न पडत असावे.

झोप कधी हलकी असते, कधी गाढ. एका प्रकारच्या झोपेत मिटल्या पापण्यांखाली बुबुळे फिरतात. माणसाची अशी झोप शास्त्रज्ञांनी 1953 साली दाखवून दिली. आपली बरीच स्वप्ने याच झोपेतली. कुत्र्यालाही तशी झोप लागते.

आपण रात्री एकदा निजतो, ते सकाळी उठतो. कुत्रा दिवसा-रात्री थोडा थोडा झोपतो. मोठा कुत्रा 24 तासांत साधारण 12 ते 14 तास झोपतो. लहान पिल्लू 18 ते 20 तास झोपते. म्हातारा कुत्राही जास्त झोपतो. त्याला आळशी म्हणू नये.

झोपलेल्या कुत्र्याला हात लावू नये. दचकून तो चावेल. दुरून हाक मारावी. उठला, शेपूट हलवली, की झाले!

मग काळजी केव्हा करावी? हाकेला उठत नाही, अंग ताठ होते, तोंडाला फेस येतो, जागीच लघवी होते. हे स्वप्न नव्हे, ही फिट आहे. तोंडात हात घालू नये. पाणी पाजू नये. गुरांच्या डॉक्टरांना दाखवावे.

गेल्या पावसाळ्यात मोती दोन दिवस कोपऱ्यात पडून होता. भाकरीकडे बघेना. आम्ही म्हटले, "म्हातारा झालाय, झोपू दे." तिसऱ्या दिवशी त्याच्या हिरड्या पांढऱ्या दिसल्या. तेव्हा आमचे डोळे उघडले. दवाखान्यात नेला. गोचिडांमुळे ताप आला होता. औषधाने वाचला. आणखी उशीर केला असता, तर हाती लागला नसता.

आणखी एक. पिसाळलेला कुत्रा नेहमी धावूनच येतो असे नाही. एखादा अंधारात गप्प पडून राहतो. लाळ गळते, जबडा लोंबतो, आवाज बदलतो. त्याच्याजवळ जाऊ नये. पोरांना जाऊ देऊ नये. कुत्रा चावला किंवा ओरबाडला, तर जखम साबण-पाण्याने 15 मिनिटे धुवावी. लगेच दवाखान्यात जाऊन लस टोचून घ्यावी.

कुत्रा किती झोपतो, एवढेच पाहू नये. रोजच्यापेक्षा काय बदलले, ते पाहावे.