कार्ब्युरेटर जेट काढण्याची हत्यारे

कार्ब्युरेटर जेट हा पेट्रोल इंजिनाच्या कार्ब्युरेटरमध्ये इंधनाचे प्रमाण ठरविणारा, अचूक मापाचे छिद्र असलेला व आट्यांनी बसविलेला लहानसा भाग होय. तो बहुधा पितळेचा असतो. साफसफाईसाठी किंवा बदलण्यासाठी तो काढावा लागतो. पितळ मऊ असल्याने चुकीच्या मापाच्या हत्याराने जेटच्या माथ्यावरील खाच सहज झिजते आणि जेट अडकून बसतो. म्हणून या कामात जोरापेक्षा हत्याराच्या मापाला अधिक महत्त्व आहे.

प्रकार व रचना

दुचाकींच्या कार्ब्युरेटरमध्ये सामान्यतः दोन प्रमुख जेट असतात. मेन जेट इंजिनाच्या मोठ्या भारावर व वेगावर इंधन पुरवितो. पायलट जेट (स्लो जेट) मंद गतीवर. मेन जेटच्या माथ्यावर सरळ खाच असते किंवा तो माथा षट्कोनी असतो. पायलट जेट मात्र विहिरीसारख्या खोल व अरुंद पोकळीच्या तळाशी बसविलेला असतो. त्यामुळे तो काढणे अधिक कठीण ठरते.

योग्य पेचकस

सर्वसाधारण पेचकसाचे पाते टोकाकडे निमुळते व दांड्याकडे रुंद असते. असे पाते पायलट जेटच्या पोकळीत पुरते उतरत नाही. ते खाचेच्या केवळ वरच्या कडांना टेकते आणि पीळ देताच बाहेर सरकते. या कामासाठी पाते व दांडा एकाच रुंदीचे असलेला, समांतर कडांचा पेचकस लागतो. पात्याची रुंदी जेटच्या माथ्याएवढी असावी, पण पोकळीच्या भिंतीस घासू नये. जाडी खाच पूर्ण भरेल इतकी असावी. बंदूक दुरुस्तीसाठी मिळणाऱ्या पेचकसांची पाती अशीच खाच भरणारी असतात. योग्य पाते न मिळाल्यास जुन्या पेचकसाच्या कडा घासून ते तयार करता येते. घासताना पाते वारंवार पाण्यात थंड करावे. तापून निळे पडल्यास पोलाद मऊ होते.

अन्य हत्यारे

षट्कोनी माथ्याच्या जेटसाठी त्याच मापाचा बॉक्स पान्हा वापरतात. मेन जेट स्वतंत्र धारकात बसविलेला असल्यास दोन्ही एकत्र फिरू नयेत म्हणून धारकाला पान्हा लावून धरावे. जपानी बनावटीच्या अनेक कार्ब्युरेटरांत फ्लोट बाऊलच्या स्क्रूंवर अधिकच्या चिन्हासारखी खाच असते. ती जपानी औद्योगिक मानकाची (जेआयएस) असून फिलिप्स पेचकस तिच्यातून घसरू शकतो.

अडकलेला जेट

पेट्रोल उडून गेल्यावर मागे उरणाऱ्या चिकट थरामुळे जेट घट्ट बसतो. अशा वेळी भेदक तेल घालून काही तास थांबावे. अॅल्युमिनियम तापल्यावर पितळेपेक्षा अधिक प्रसरण पावते. त्यामुळे पेट्रोल पूर्ण काढून व रबरी भाग वेगळे करून कार्ब्युरेटरचा सांगाडा गरम पाण्याने तापविल्यास आटे सैल होण्यास मदत होते. ज्योतीचा वापर टाळावा. खाच नष्ट झाली असल्यास डाव्या फिरकीचे ड्रिल वापरतात. पाचरीसारखा निमुळता एक्स्ट्रॅक्टर ठोकल्यास मऊ पितळ बाहेरच्या बाजूस फाकून जेट आणखी घट्ट बसण्याचा धोका असतो. सांगाड्यातील आटे बिघडल्यास बहुधा संपूर्ण कार्ब्युरेटरच बदलावा लागतो.

साफसफाई व पुनर्जोडणी

जेटचे छिद्र कार्ब्युरेटर क्लीनर व दाबाखालील हवेने साफ करावे. डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा. छिद्रात कठीण तार घालू नये. ०.४० मिमी व्यासाचे छिद्र ०.४४ मिमी झाले, तरी त्याचे क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढते व इंधनमिश्रण बिघडते. जेटवरील आकड्याचा अर्थही उत्पादकानुसार बदलतो. डेल’ओर्टोच्या जेटवर तो व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत दर्शवितो. मिकुनीच्या षट्कोनी मेन जेटवर तो इंधनाच्या प्रवाहाशी निगडित असतो. त्यामुळे केवळ आकडा जुळतो म्हणून एका उत्पादकाचा जेट दुसऱ्याच्या जागी बसवू नये. जेट परत बसविताना तो प्रथम उलट दिशेने हलकेच फिरवून आटे जुळवावेत व मग हलक्या हाताने आवळावा.

भारतातील वापर

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ उत्सर्जन मानके लागू झाल्यानंतर भारतात नव्या दुचाकींमध्ये कार्ब्युरेटरची जागा मुख्यतः इंधन-अंतःक्षेपण प्रणालीने घेतली. तथापि जुन्या दुचाकी, लहान जनरेटर व पेट्रोलवर चालणारे फवारणी पंप यांत कार्ब्युरेटर अद्याप वापरात आहेत.