तांब्याची नाणी : घासू नका, वाचा!

एक नाणे बाजारात न्यायला हातगाडी लागते, असे कोणी सांगितले तर तुमचा विश्वास बसेल का? स्वीडनमध्ये राणी क्रिस्तिनाच्या कारकिर्दीत, १६४४ साली, दहा 'डालर' किमतीचे तांब्याचे नाणे पाडले गेले. त्याचे वजन होते तब्बल १९.७ किलोग्रॅम! ते गोल नव्हते. सुमारे ७० सेंमी. लांब आणि ३० सेंमी. रुंद असा तो तांब्याचा पत्राच होता. त्याच्या चारही कोपऱ्यांत व मध्यभागी छाप मारलेले असत.

असले अवजड नाणे कशासाठी? त्या काळी नाण्याची किंमत म्हणजे त्यातील धातूची किंमत, असा समज रूढ होता. स्वीडनजवळ चांदी थोडी होती, पण फालुन येथील खाणीत तांबे विपुल होते. तांबे चांदीपेक्षा पुष्कळच स्वस्त. तेव्हा चांदीच्या नाण्याइतके मोल तांब्यात भरायचे, तर वजन वाढणारच. हे ओझे लोकांना नकोसे झाले आणि १६६१ मध्ये स्टॉकहोमच्या एका बँकेने कागदी नोटा काढल्या. युरोपातील या पहिल्या बँकनोटा. बँकेने त्या प्रमाणाबाहेर काढल्या व ती बुडाली, हा भाग निराळा. तांब्याचे पत्रे मात्र १७७६ पर्यंत निघत राहिले. असे पत्रे घेऊन हिंदुस्थानकडे निघालेले 'निकोबार' नावाचे डॅनिश जहाज १७८३ साली दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ बुडाले. त्यातील हजारो पत्रे १९८७ मध्ये पाण्याबाहेर आले.

गाडीचे चाक

आता इंग्लंडकडे वळू. अठराव्या शतकात तेथील तांब्याच्या नाण्यांत खोट्या नाण्यांचा सुळसुळाट झाला होता. खोटे नाणे वजनाला हलके असे. वाचवलेले तांबे हाच ते पाडणाऱ्याचा नफा. मजुराला आठवड्याची मजुरी अशा नाण्यांत मिळाली आणि दुकानदाराने ती नाकारली, तर त्याने खायचे काय?

यावर उपाय काढला बर्मिंगहॅमजवळच्या सोहो येथील कारखानदार मॅथ्यू बोल्टन यांनी. वाफेच्या यंत्राचे प्रसिद्ध संशोधक जेम्स वॉट हे त्यांचे भागीदार. बोल्टन यांनी नाणी पाडण्याची यंत्रे वाफेवर चालवली. १७९७ साली त्यांनी एक पेनीचे आणि दोन पेन्सचे नाणे काढले. पेनीत एक औंस, म्हणजे २८.३५ ग्रॅम, तांबे होते. दोन पेन्सच्या नाण्यात दोन औंस. पूर्ण वजनाचे खोटे नाणे पाडून कोणाला काय मिळणार? शिवाय नाण्याची कड रुंद व उंच होती आणि तिच्यावरील अक्षरे आत कोरल्यासारखी खोल होती. त्यामुळे अक्षरे लवकर झिजत नसत. लोकांनी या जाडजूड नाण्यांना 'गाडीचे चाक' असे नाव दिले.

येथे थोडे गणित करू. दोन पेन्सच्या नाण्याचा व्यास सुमारे ४१ मिमी. आणि जाडी सुमारे ५ मिमी. वृत्तचितीच्या सूत्राने घनफळ येते ६.६ घन सेंमी. तांब्याची घनता ८.९६. गुणाकार केला की वजन ५९ ग्रॅम येते. प्रत्यक्षात ते ५६.७ ग्रॅम आहे. फरक का पडला? आपण जाडी मोजली ती उंच कडेपाशी. मधला भाग खोलगट आहे, म्हणून तेथे धातू कमी.

परंतु धातूएवढी किंमत ठेवण्यात एक धोका असतो. पुढे तांबे महागले आणि नाणे वितळवणे फायद्याचे होऊ लागले. म्हणून १७९९ व १८०६ सालची नाणी वजनाला हलकी केली गेली. १८६० मध्ये तांब्याची जागा कथिल व जस्त मिसळलेल्या काशाने घेतली. १९९२ पासून ब्रिटिश पेनी पोलादाची निघते. तांबे फक्त वरच्या मुलाम्यापुरते उरले. युरोची १, २ व ५ सेंटची नाणीही तशीच. ती चुंबकाला चिकटतात, शुद्ध तांबे चिकटत नाही.

या कारखान्याचे आपल्याशीही नाते आहे. ईस्ट इंडिया कंपनीने मुंबई इलाख्यासाठी १७९१ साली तांब्याची नाणी सोहो येथेच पाडून घेतली. त्यांच्या एका बाजूला कंपनीचे चिन्ह आणि दुसऱ्या बाजूला तराजू असून, तराजूखाली न्याय या अर्थाचा 'अदल' हा शब्द आहे.

रंग काय सांगतो?

जुने तांब्याचे नाणे हाती आले की पहिला मोह होतो तो ते चकचकीत करण्याचा. घरची तांब्याची घागर आपण चिंचेने किंवा लिंबू-मिठाने लख्ख करतोच ना! घागरीला ते चालते, नाण्याला नाही.

हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन तांब्यावर तपकिरी-तांबूस क्युप्रस ऑक्साईडचा पातळ थर बसतो. कालांतराने तो काळपट होतो. दमट हवेत कार्बन डायॉक्साईडमुळे हिरवे क्षारही तयार होतात. घट्ट व गुळगुळीत थर खालच्या धातूचे रक्षण करतो. आम्लाने हा थर विरघळतो आणि त्याबरोबर नक्षीचे बारीक तपशील जातात. मीठ वापरले तर आणखी वाईट. त्यातील क्लोराईड बारीक छिद्रांत राहते व क्युप्रस क्लोराईड तयार होते. ओलावा व हवा मिळताच त्यापासून फिकट हिरवी भुकटी आणि आम्ल बनते. ते आम्ल पुन्हा नव्या तांब्यावर हल्ला करते. हे चक्र चालू राहते आणि नाणे आतून पोखरले जाते.

म्हणून भुकटी पडणारे हिरवे ठिपके दिसले, तर ते नाणे लगेच वेगळे, कोरड्या जागी ठेवा आणि जाणकाराला दाखवा. एरवी मऊ कुंचल्याने धूळ झटकणे पुरे. नाणे नेहमी कडेने धरा, कारण बोटांच्या घामातही मीठ असते. पीव्हीसीच्या पाकिटांतून कालांतराने आम्ल सुटते. त्याऐवजी आम्लरहित कागदाची पाकिटे वापरा. प्रत्येक पाकिटावर देश, साल, वजन, व्यास आणि नाणे कोठून मिळाले ते लिहा. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू ठरते व परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही, हेही ध्यानात असू द्या.

प्रयोगशाळेत करून पाहा

शाळेतील तराजूवर एखादे साधे, चालू चलनातील नाणे तोला. मग ते दोऱ्याने पाण्यात टांगून पुन्हा तोला. वजनात जितकी घट येईल, तितके त्याचे घनफळ. हवेतील वजनाला या घटीने भागले की घनता मिळते. दोन पेन्सचे अस्सल नाणे पाण्यात सुमारे ६.३ ग्रॅम हलके भरेल. लोखंडाची घनता ७.८७ आणि शिशाची ११.३, म्हणून त्यांची नक्कल चटकन ओळखू येते. काशाची घनता मात्र तांब्याच्या अगदी जवळ असते. तेव्हा केवळ घनतेवर निकाल देऊ नका; साल, व्यास आणि छापही ताडून पाहा.

अशा तपासणीत नाण्याला ओरखडाही पडत नाही. घासून चकचकीत केलेले नाणे मात्र पूर्ववत करण्याचा उपाय कोणत्याही प्रयोगशाळेत नाही.