जुन्या संगणकांची नोंदवही

जुन्या वस्तू जमवणारा मनुष्य म्हटला की लोक त्याच्याकडे किंचित हसून पाहतात. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयातले दिवे आणि अडकित्ते पाहावयास आपण तिकीट काढून जातो. पण कोणी तीस वर्षांपूर्वीचा संगणक माळ्यावर जपून ठेवला, तर घरचीच माणसे विचारतात, ‘हे भंगार कधी जायचे?’ हे भंगार का जपावे, आणि ते जपणाऱ्यांना एकमेकांशी जोडणारी नोंदवही इंटरनेटवर का व कशी असावी, एवढेच आम्हांला येथे सांगावयाचे आहे.

अडकित्ता कपाटात ठेवला की जपला गेला. संगणकाचे तसे नाही. तो चालला तर संगणक, नाही तर पत्र्याचा डबा. नुसता पडून राहिला तरी आतून कुजतो. पाटीवरची लहानशी बॅटरी पाझरते आणि तांब्याच्या बारीक वाटा खाऊन टाकते. तो पुन्हा चालवावयाचा तर यंत्र, सुटे भाग, माहितीपुस्तक आणि दुरुस्ती जाणणारा माणूस, एवढ्या गोष्टी एकत्र याव्या लागतात. त्या बहुधा वेगवेगळ्या गावी, एकमेकांचा पत्ता ठाऊक नसलेल्या लोकांपाशी असतात. नोंदवहीची गरज येथे उत्पन्न होते.

या चारांत सर्वांत आधी नाहीसा होतो तो माणूस. याचे मोठे उदाहरण इंग्लंडात घडले. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सेनेचे सांकेतिक संदेश उलगडण्यासाठी कोलॉसस नावाचे यंत्र १९४४ साली ब्लेचली पार्क येथे कामाला लागले. ते घडवणारे टॉमी फ्लॉवर्स हे टपाल खात्यातले इंजिनियर. लंडनच्या गरीब वस्तीतल्या एका गवंड्याचा हा मुलगा. कारखान्यात उमेदवारी करीत आणि रात्रीच्या वर्गाला जाऊन शिकलेला. युद्ध संपल्यावर गुप्ततेसाठी बहुतेक यंत्रे मोडली गेली, आराखडे जाळले गेले, आणि कित्येक वर्षे या कामाचे नावही जगाला कळले नाही.

पुढे १९९३ साली टोनी सेल यांनी ते यंत्र पुन्हा उभारावयास घेतले, तेव्हा हाती काय होते? थोडी छायाचित्रे, आणि काही इंजिनियरांनी हुकूम मोडून स्वतःजवळ ठेवलेले आराखड्यांचे तुकडे. बाकी सारे म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत होते. त्यांना एकेक करून गाठावे लागले. सुटे भाग मिळाले ते मोडीत निघालेल्या जुन्या टेलिफोन एक्स्चेंजांतून. १९९६ साली यंत्राचा पहिला भाग सुरू झाला तेव्हा फ्लॉवर्स स्वतः हजर होते. १९९८ साली ते वारले. हा शोध आणखी पाच-सात वर्षे लांबता, तर विचारावयाचे कोणाला?

नोंदवहीचा दुसरा उपयोग राखणदारीचा. अमेरिकेत १९७६ साली स्टीव्ह वॉझ्नियाक यांनी रचलेला ‘ॲपल-१’ हा संगणक सुमारे २०० नगच तयार झाला. ना पेटी, ना कळफलक, नुसती पाटी. किंमत ६६६.६६ डॉलर. नवे यंत्र आल्यावर कंपनीने पुष्कळ पाट्या परत घेऊन नष्ट केल्या. अशी एक पाटी २०१४ साली लिलावात ९,०५,००० डॉलरना गेली. एवढा पैसा आला की लबाडीही आली. म्हणून हौशी लोकांनी शिल्लक पाट्यांची सूची छायाचित्रांसह इंटरनेटवर ठेवली आहे. हाताने दिलेले डाग, सुट्या भागांवरचे शिक्के, ओरखडे हे प्रत्येक पाटीचे निराळे. त्यामुळे चोरीची वा बनावट पाटी पुढे आली तर ताडून पाहण्यास आधार मिळतो.

आता अशी वही करावयाची कशी? कामगार संघटना बांधताना पहिले काम सभासदांच्या वहीचे असते, त्यामुळे या विषयात आम्हांला दोन शब्द बोलता येतील. रकाने थोडे असावेत: यंत्राचे नाव, साल, ते चालू की बंद, कोणता जिल्हा, काय हवे आणि काय देता येईल. ज्याच्याजवळ यंत्र नाही पण दुरुस्तीचे ज्ञान आहे, त्याचीही नोंद मालकाच्याच मानाने व्हावी. घरचा पत्ता उघड छापू नये. चोराला वाट दाखवल्यासारखे होते. निरोप वही सांभाळणाऱ्यामार्फत जावा, उत्तर द्यावे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. नोंद संमतीवाचून घेऊ नये, आणि दर वर्षी विचारून ताजी करावी. बदली झालेल्यांची आणि वारलेल्यांची नावे वागवणारी वही कामाची नसते. आपल्या मागे यंत्र कोणाला द्यावे, हेही संग्राहकाने लिहून ठेवावे. आणि संपूर्ण वहीची प्रत तीन-चार ठिकाणी असावी, कारण जागेचे भाडे थकले की इंटरनेटवरचे पान एका दिवसात नाहीसे होते.

आपल्याकडे हे काम निकडीचे आहे. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली घडवलेला टिफ्रॅक १९६० साली चालू झाला. बँकांतील यांत्रिकीकरणाबाबत १९८३ साली कर्मचारी संघटनांचा करार झाला, आणि मग शाखाशाखांतून लेजर पोस्टिंगची यंत्रे आली. त्यांवर बसलेले कारकून, ती दुरुस्त करणारे तंत्रज्ञ आज निवृत्त आहेत. हे यंत्र आले तेव्हा माणसाचे कोणते काम गेले आणि कोणते नवे आले, हे उद्याच्या अभ्यासकाला नुसत्या कराराच्या कागदावरून कळणार नाही. त्यासाठी यंत्रही हवे आणि त्यावर बसलेला माणूसही हवा. यंत्र भंगारवाल्याकडे एखादे वेळी सापडेल. माणूस मात्र हयात आहे तोवरच त्याची नोंद झाली पाहिजे.