गडचिरोलीचे आकडे आणि सरकारचे दप्तर

शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्याची दारूबंदी २०२१ साली शासनाने उठवली, तेव्हापासून, लोकांच्या आरोग्याविषयीचे सत्य सरकारदरबारी रुजू कसे होते आणि रुजू होऊनही बेदखल कसे राहते, हा विचार गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेड्यात बसून माझ्या मनातून जात नाही.

आमचा जिल्हा १९८२ साली झाला. पहिली वर्षे कचेऱ्या थाटण्यात गेली, त्यांविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. १९८६ साली डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली आणि पुढचे दशक निराळेच उगवले. कुटुंबनियोजनाचे उद्दिष्ट पुरे करण्यापलीकडे स्त्रीच्या शरीराकडे ज्या काळी सरकारचे लक्ष नव्हते, त्या काळी दोन गावांतील शेकडा ९२ स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे त्यांनी १९८९ साली ‘लॅन्सेट’मधून जगापुढे मांडले. निरक्षर दाईला बाळाचे श्वास मोजता यावेत म्हणून वाळूचे घटिकायंत्र आणि सरकते मणी बसवलेले साधन तिच्या हाती दिले: दर दहा श्वासांस एक मणी, आणि वाळू संपण्याआधी तांबडा मणी सरकला की न्यूमोनिया. १९९३ साली जिल्ह्यात दारूबंदी आली, ती गावोगावच्या बायकांच्या रेट्याने.

१९९५ साली ३९ गावांत नवजात बालकांच्या घरच्या घरी शुश्रूषेचा प्रयोग सुरू झाला. गावातलीच थोडेफार शिकलेली बाई बाळाचे वजन करी, त्यास उबेत ठेवी आणि जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिनची सुई देई. अशा हाती सुई देणे हा अपराध होय, असे शहरातील विद्वान भर सभेत सांगत, ते मी ऐकले आहे. सती नदीला पूर आला असता पलीकडच्या बाळाने कोणाची वाट पाहावी, हे मात्र त्यांनी सांगितले नाही. १९९९ साली नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे प्रसिद्ध झाले आणि माझ्यापुरता तो वाद तेथेच निकालात निघाला.

शासन हलले, पण सावकाश. २००५ साली गावोगावच्या आरोग्यसेविकांची, म्हणजे आशांची, योजना आली, २०११ साली त्यांच्या गृहभेटींस राष्ट्रीय मान्यता मिळाली आणि सहा-सात भेटींचे मिळून २५० रुपये ठरले. प्रयोगातला सोयीचा भाग दप्तराने उचलला, अवघड तेवढा वगळला. दूध ओढेनासे झालेल्या बाळास तोंडाने द्यायचे औषध देऊन, ‘दवाखान्यात न्या’ म्हणून आशेला थांबावे लागते. प्रशिक्षण देऊन जेंटामायसिनची ती सुई तिच्या हाती द्यावी आणि त्या कामाचा रीतसर पगारही द्यावा, ही मागणी मी येथे पुन्हा दाखल करतो.