पखवाजाला कणीक लावणारी पोरं

संध्याकाळ व्हायला लागली की आळंदीच्या गल्ल्यांतून पखवाज जुळवल्याचे आवाज येऊ लागतात. विष्णुबुवा जोगांनी १९१७ साली इथे वारकरी शिक्षण संस्था काढली. अभ्यासक्रम चार वर्षांचा. तेच वळण गिरवत गावात आज लहान-मोठ्या कितीतरी संस्था चालतात. मराठवाडा-विदर्भातली पोरं इथे राहतात, दिवसा शाळेत जातात, संध्याकाळी गायन-वादन शिकतात. कुणाचा बाप गेलेला, कुणाचे आईबाप ऊसतोडीला.

अशाच एका संस्थेत हरिपाठाआधी बसलो होतो. बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा ताटलीत कणीक मळत होता. गोळा त्याने पखवाजाच्या डाव्या तोंडावर मधोमध थापला, ओल्या बोटाने कडा दाबून घेतल्या, थाप मारली आणि कान लावला. पलीकडून महाराज म्हणाले, "अजून चिमूटभर काढा, माउली." त्याने काढली. दुसऱ्या थापेला आवाज नीट घुमला. तोवर टाळ घेऊन उभी असलेली सगळी पोरं थांबली होती. त्याचं झाल्याशिवाय हरिपाठ सुरू होणार नव्हता.

मग समोरासमोर दोन रांगा, पावली, टाळांचा एकच ठोका. शेवटी सगळे एकमेकांच्या पाया पडले. पन्नाशीचे महाराजही त्या पोराच्या पायाशी वाकले. बाप गेलेल्या मुलाची कीव करणारे पुष्कळ भेटतात, पण तुझ्यावाचून आमचं अडतं असं त्याला कोण सांगतं? इथे त्याला ते रोज कळतं, उपदेशाशिवाय. श्रद्धेचं मोल मला इथे दिसतं.

पण जिथे गुरूचा शब्द शेवटचा, तिथे पोरं बोलायला घाबरतात. पायाशी वाकायची सवय लागलेल्या मुलाने तक्रार कुणाकडे करायची? निराधार मुलं ठेवून घेणाऱ्या संस्थांना २०१५च्या बाल न्याय कायद्याने नोंदणी सक्तीची केली आहे. गळ्यात तुळशीची माळ आहे म्हणून त्यातून कुणाला सूट मिळता कामा नये. नोंदणी नाही, कुणी तपासायला येत नाही, अशा ठिकाणी मूल ठेवूच नये, मग तिथलं कीर्तन कितीही रंगो.

पोरांनी तक्रार कुणाकडे करायची, हे मी महाराजांना स्पष्टच विचारलं. त्यांनी ओसरीतला फोन दाखवला. वर भिंतीवर खडूने मुलांच्या मदतवाहिनीचा नंबर, १०९८, लिहिलेला होता.

"रविवारी पोरं घरी बोलतात तेव्हा मी इथे थांबत नाही," ते म्हणाले. "माझ्याबद्दलही त्यांना बोलता आलं पाहिजे ना!"