मेटॅलिका : बदलती संगीतशैली आणि टिकून राहिलेली ओळख

प्रस्तावना

कलावंताने आपली शैली बदलली तर मूळ वाट सोडल्याचा आक्षेप येतो. ती बदलली नाही तर तोचतोपणाचा. हेवी मेटल या संगीतप्रकारात हा पेच अधिक तीव्र असतो. या संगीताचा श्रोता स्वतःला एका वेगळ्या समुदायाचा घटक मानतो आणि शैलीतील बदल हा त्याला निष्ठेचा भंग वाटतो. अमेरिकेतील ‘मेटॅलिका’ या बँडने चार दशकांत आपली शैली अनेकदा बदलली, रोष ओढवून घेतला आणि तरीही आपली ओळख गमावली नाही. हे कशामुळे शक्य झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मूळ शैलीची घडण

ड्रमवादक लार्स उलरिक आणि गायक-गिटारवादक जेम्स हेटफील्ड यांनी १९८१ मध्ये लॉस एंजेलिस येथे या बँडची स्थापना केली. ‘किल एम ऑल’ हा पहिला अल्बम १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. तत्कालीन ब्रिटिश हेवी मेटलमधील गिटारची रचना आणि पंक संगीताचा वेग यांच्या संयोगातून ‘थ्रॅश मेटल’ हा उपप्रकार आकारास येत होता. त्याच्या प्रमुख घडवणाऱ्यांत स्लेअर, मेगाडेथ व अँथ्रॅक्स यांच्याबरोबर मेटॅलिकाची गणना होते.

या शैलीचा कणा म्हणजे ‘रिफ’. रिफ म्हणजे गिटारवर पुनःपुन्हा वाजविला जाणारा छोटा स्वरसमूह. हेटफील्ड उजव्या हाताच्या तळव्याची कड तारांवर हलकेच टेकवून त्यांचा नाद दाबतात आणि बहुतांश आघात वरून खाली या एकाच दिशेने करतात. त्यामुळे प्रत्येक स्वर तुटक, वजनदार आणि ठोक्याला धरून उमटतो. वेग वाढला तरी हा ठाशीवपणा कायम राहतो.

रचनेचा विस्तार

‘राइड द लाइटनिंग’ (१९८४) व ‘मास्टर ऑफ पपेट्स’ (१९८६) या अल्बममध्ये वेगाला रचनेची जोड मिळाली. संथ, सुरेल प्रारंभ, मध्येच बदलणारी लय आणि दीर्घ वाद्यखंड यांचा वापर होऊ लागला. पाश्चात्त्य अभिजात संगीताचा अभ्यास असलेले बेस गिटारवादक क्लिफ बर्टन यांचा यात मोठा वाटा होता. येथे एक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. ‘राइड द लाइटनिंग’मधील ‘फेड टू ब्लॅक’ या संथ गाण्यामुळे बँडने तडजोड केल्याची टीका तेव्हाच झाली होती. म्हणजे ज्या काळाला पुढे ‘अस्सल’ मानले गेले, तो काळही वादमुक्त नव्हता.

२७ सप्टेंबर १९८६ रोजी स्वीडनमध्ये दौऱ्याच्या बसला झालेल्या अपघातात बर्टन यांचा मृत्यू झाला. जेसन न्यूस्टेड यांना सोबत घेऊन बँडने १९८८ मध्ये ‘अँड जस्टिस फॉर ऑल’ हा अल्बम काढला. केवळ नऊ गाण्यांचा हा अल्बम पासष्ट मिनिटांचा आहे. त्यात रचनेची गुंतागुंत टोकाला पोहोचली, तर बेस गिटार जवळजवळ ऐकूच येत नाही.

१९९१ चे वळण

अशा दीर्घ रचना रंगमंचावर वाजविणे वादकांना जड जात होते आणि श्रोत्यांचे लक्षही ढळत होते. त्यामुळे निर्माते बॉब रॉक यांच्या सहकार्याने १९९१ मध्ये काढलेल्या ‘मेटॅलिका’ या अल्बममध्ये बँडने उलट दिशा धरली. मुखपृष्ठाच्या रंगामुळे तो ‘ब्लॅक अल्बम’ म्हणून ओळखला जातो. गाणी आटोपशीर झाली, लय मंदावली, बेस व ड्रमचा नाद भरदार झाला. ‘एंटर सँडमन’ हे गाणे जवळजवळ एकाच रिफवर उभे आहे. जगभरात या अल्बमच्या तीन कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या; मात्र जुन्या चाहत्यांपैकी अनेकांनी बँड ‘विकला गेला’ असा आरोप केला. या आरोपात तथ्यांश इतकाच की गाणी सोपी झाली होती. रिफचे प्राधान्य व हेटफील्ड यांचा आघात कायम होता.

प्रयोग आणि विरोध

‘लोड’ (१९९६) व ‘रिलोड’ (१९९७) यांत ब्लूज आणि कंट्री संगीताचा प्रभाव आला. सदस्यांनी लांब केस कापले, हाही चर्चेचा विषय ठरला. ‘नथिंग एल्स मॅटर्स’ या गाण्यासाठी वाद्यवृंदाची रचना करणारे मायकेल कामेन यांच्या संचालनाखाली बँडने १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को सिम्फनीसोबत कार्यक्रम केला.

सर्वांत तीव्र मतभेद ‘सेंट अँगर’ (२००३) या अल्बमविषयी झाले. न्यूस्टेड २००१ मध्ये बाहेर पडले होते आणि हेटफील्ड व्यसनमुक्तीचे उपचार घेऊन परतले होते. या अल्बममध्ये स्वतंत्र गिटारवादनाचे खंड नाहीत आणि ड्रमचा आवाज पत्र्याच्या डब्यासारखा येतो. अल्बम अमेरिकेतील विक्रीच्या यादीत प्रथम क्रमांकावर गेला, त्याच्या शीर्षकगीताला ग्रॅमी पुरस्कारही मिळाला. पण बहुसंख्य चाहत्यांनी तो आपला मानला नाही. विक्री व पुरस्कार हे मान्यतेचे पुरेसे निकष नव्हेत, हे यावरून स्पष्ट होते. ‘डेथ मॅग्नेटिक’ (२००८) मध्ये दीर्घ रचना व गिटारचे स्वतंत्र खंड परत आले.

ओळख टिकण्याची कारणे

या वाटचालीतून तीन कारणे पुढे येतात. पहिले, लय, लांबी आणि बाह्य रूप बदलले तरी उजव्या हाताचा आघात व हेटफील्ड यांचा आवाज हे ओळखचिन्ह टिकले. दुसरे, बँडने जुनी गाणी रंगमंचावरून कधी हद्दपार केली नाहीत. प्रयोग अल्बममध्ये झाले, तर स्मृती कार्यक्रमांत जपली गेली. ३० ऑक्टोबर २०११ रोजी बंगळूर येथे बँडने भारतात प्रथम कार्यक्रम केला, तेव्हा भारतीय श्रोत्यांनाही हा जुना-नवा संच एकत्र ऐकता आला. २०२३ मध्ये सुरू झालेल्या दौऱ्यात एका शहरात दोन रात्री, एकही गाणे पुन्हा न वाजविता, कार्यक्रम करण्याची पद्धत स्वीकारली गेली. वेगवेगळ्या कालखंडांतील गाण्यांचा मोठा साठा नसता तर हे शक्य झाले नसते. तिसरे, प्रत्येक बदलाने नवा श्रोता आणला आणि तो पुढे मागील अल्बमकडे वळला. २०२२ मध्ये ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या मालिकेतून ‘मास्टर ऑफ पपेट्स’ हे १९८६ चे गाणे त्यानंतर जन्मलेल्या पिढीपर्यंत पोहोचले. तो अल्बम २०१६ मध्येच अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदपटात समाविष्ट झाला होता.

समारोप

मेटॅलिकाची ओळख बदल टाळल्याने टिकली नाही, तसेच प्रत्येक बदल यशस्वी झाल्यानेही नाही. फसलेल्या प्रयोगांनी एक उपयुक्त कार्य केले : शैलीतील कोणता घटक सोडता येतो आणि कोणता नाही, हे त्यांनी बँडला व श्रोत्यांना दाखवून दिले. केस कापणे, गाणे लहान करणे, सोबत वाद्यवृंद घेणे हे कालांतराने स्वीकारले गेले. मात्र नादाचा गाभाच बदलला तेव्हा श्रोत्यांनी तो नाकारला. चाहत्यांचा रोष हा म्हणूनच केवळ हट्ट ठरत नाही. आपले म्हणून जे संगीत त्यांनी जपले, त्याच्या सीमा आखण्याचा तो एक मार्ग होता.